नेंगे नेंगे रमे पाले

शीर्षक पुन्हा एकदा वाचा. नेंगे नेंगे रमे पाले. ही कोणती भाषा? तुमची-माझी मराठीच! ही ओळ तुम्ही शाळेपासून ऐकत आला आहात. मी फक्त एक खोडी काढली आहे. प्रत्येक व्यंजन उचलून त्याच्या जागी दुसरं बसवलं आहे. जिथे जिथे 'न' दिसतो, तिथे मुळात एकच ठरलेलं अक्षर होतं. 'ग'चं तसंच, 'र'चंही तसंच. काना, मात्रा, अनुस्वार यांना मात्र हात लावलेला नाही.

घाई नको. ओळ मोठ्याने म्हणून पाहा.

पहिला शब्द लगेच दुसऱ्यांदा आलाय. चारही शब्द एकाच मात्रेवर संपतात. दोनदा तेच, मग दोन छोटे शब्द आणि खेळ खलास. हा ठेका कुठे बरं ऐकलाय? म्हणीसारखा वाटतो ना?

थेंबे थेंबे तळे साचे!

आता गंमत बघा. 'न म्हणजे थ' हे तुम्ही आधी शोधलंत आणि मग ओळ वाचलीत, असं झालं का? उलटंच झालं असणार. आधी अख्खी ओळ डोक्यात उभी राहिली आणि अक्षरं तुम्ही नंतर ताडून पाहिलीत. उत्तर आधी आणि पुरावा मागाहून! हे डोकं नेमकं करतं तरी काय?

गेली काही वर्षं मी या प्रश्नाच्या मागे आहे, आणि त्याला कारण आहे आमचा सात-आठ जणांचा एक गट. कुणी पुण्यात, कुणी बडोद्यात, एक भाची न्यू जर्सीत. तिच्याकडे सकाळ झाली की ती इंग्रजीतलं एक कोडं गटात टाकते. इथे तेव्हा संध्याकाळचा चहा झालेला असतो. कोडं म्हणजे कुणाचं तरी एखादं वचन, पण त्यातलं प्रत्येक अक्षर बदललेलं. अमेरिकेतली वर्तमानपत्रं अशी कोडी शब्दकोड्यासारखी रोज छापतात. त्यांना क्रिप्टोग्राम म्हणतात. १९२९ साली तिथे अशा कोड्यांच्या शौकिनांनी अमेरिकन क्रिप्टोग्राम असोसिएशन नावाची संस्थाच काढली, आणि शब्दांमधल्या जागा जशाच्या तशा ठेवलेल्या कोड्याला त्यांनी नाव दिलं 'अॅरिस्टोक्रॅट', म्हणजे खानदानी. कोड्यालाही खानदान!

या खेळाचा एकच नियम: एका अक्षराला एकच पर्याय, आणि तो शेवटपर्यंत तोच.

आता या साध्या नियमाच्या पोटात काय दडलंय ते पाहू. इंग्रजीत अक्षरं २६. पहिल्या अक्षराला पर्याय २६, दुसऱ्याला उरले २५, तिसऱ्याला २४. हे सगळे आकडे एकमेकांनी गुणत जा. किती किल्ल्या तयार होतात? चारावर २६ शून्यं! आणि तुमचं कुलूप त्यातल्या एकाच किल्लीने उघडतं.

समजा, एक यंत्र सेकंदाला १०० कोटी किल्ल्या लावून बघतंय. सगळ्या किल्ल्या संपायला त्याला सुमारे १,२७८ कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय आहे सुमारे १,३८० कोटी वर्षं. म्हणजे महास्फोट झाल्या क्षणी ते कामाला लागलं असतं, तर किल्ल्यांचा जुडगा अगदी अलीकडे कुठे संपला असता.

आणि आमच्या गटातल्या मावशी, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, हातात पेन्सिल घेऊन ते कुलूप वीस मिनिटांत उघडतात.

हे घडतं कसं?

उत्तर एका शब्दात आहे: सवय. माणसाला असतात तशा भाषेलाही सवयी असतात. चेहऱ्यावर मुखवटा चढवला तरी चाल बदलत नाही. आपला माणूस पाठमोराही आपण चालीवरून ओळखतो, तसंच हे. अक्षरांना मुखवटे घातले तरी त्यांची चाल तीच राहते.

हे सर्वांत आधी लिहून ठेवलं ते नवव्या शतकातल्या बगदादच्या एका तत्त्वज्ञानं, अल-किंदीनं. त्याची युक्ती ऐकाल तर म्हणाल, हे मला का नाही सुचलं? ज्या भाषेतला गुप्त मजकूर असेल त्या भाषेतलं एक साधं, भरपूर लांब पान घ्या आणि कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजा. मग गुप्त मजकुरातली चिन्हं मोजा. इथला पहिला नंबर तो बहुधा तिथला पहिला नंबर. इथला दुसरा तो तिथला दुसरा. एवढंच! ज्याला कुणी हात लावू शकणार नाही असं वाटत होतं, ते गुपित नुसत्या मोजणीनं फुटतं. अल-किंदीचा हा ग्रंथ शतकानुशतकं नजरेआड होता. तो इस्तंबूलच्या हस्तलिखितांत सापडला आणि १९८०च्या दशकात छापून लोकांसमोर आला.

इंग्रजीत पहिला नंबर 'ई'चा. दर शंभर अक्षरांत बारा-तेरा तीच. मग 'टी', मग 'ए'. 'झेड' आणि 'क्यू' शंभरांत एकदाही भेटतील याची खात्री नाही. ज्यांच्या हातून अक्षरं जायची त्या माणसांना हे पक्कं ठाऊक होतं. मोर्सच्या तारायंत्रात 'ई'साठी काय ठेवलंय? फक्त एक टिंब, सगळ्यात स्वस्त खूण! 'टी'साठी एक रेघ. जुन्या लायनोटाइप यंत्राच्या कळफलकावर डावीकडच्या पहिल्या रांगेत वरून खाली अक्षरं होती ई, टी, ए, ओ, आय, एन. जी सतत लागतात ती हाताशी.

मराठीत असं काही असेल का? आजच्या वर्तमानपत्रातला एक परिच्छेद घ्या आणि मोजा. काना किती वेळा येतो आणि 'झ' किती वेळा. दहा मिनिटांचं काम आहे. ज्या भाषेत जन्मभर बोललो तिची ही बाजू आपण कधी पाहिलीच नव्हती, असं वाटल्याशिवाय राहणार नाही.

पण थांबा. मोजणीला लांबलचक मजकूर लागतो. आमचं रोजचं कोडं असतं वीस-पंचवीस शब्दांचं. एवढ्याशा जागेत पहिला नंबर हुकू शकतो. मग?

मग दुसऱ्या सवयी कामाला येतात. इंग्रजीत एका अक्षराचे नेहमीचे शब्द दोनच: 'ए' आणि 'आय'. कोड्यात एखादं अक्षर एकटं उभं दिसलं की ते या दोघांपैकी एक. तीन अक्षरांचा एकच शब्द पुन्हा पुन्हा येतोय? तो बहुधा 'द', म्हणजे टी-एच-ई. चार अक्षरांच्या शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर सारखंच आहे? तो 'दॅट' असू शकतो, टी-एच-ए-टी. दोन शब्द म्हणजे फार झाले का? पण एवढ्यात टी, एच, ई आणि ए अशी चार अक्षरं हाती आली. आणि सर्वसाधारण इंग्रजी मजकुरात एक तृतीयांशाहून अधिक जागा या चौघांनीच व्यापलेली असते! दोन छोट्या अंदाजांनी कोड्याचा तिसरा हिस्सा उघडा पडतो.

पुढे उतार लागतो. अर्धे भरलेले शब्द उरलेल्या अक्षरांना हाका मारू लागतात. शब्दाच्या शेवटी तीन अक्षरं सारखी-सारखी येतायत? आय-एन-जी असेल. वर टांगलेल्या स्वल्पविरामानंतर एकटं अक्षर आहे? बहुधा टी किंवा एस. जोडीनं येणारं अक्षर आहे? एल, ई, एस, ओ यांना जोडीनं यायला आवडतं. प्रत्येक नवं अक्षर दहा ठिकाणी दिवा लावतं.

आता यातलं मला सर्वांत थक्क करणारं सांगतो. १९४९ साली क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञानं एक प्रश्न विचारला. असं कोडं किती लांब असलं म्हणजे त्याचं उत्तर एकच, एकमेव उरतं? चारावर २६ शून्यं इतक्या किल्ल्यांतून एकच अर्थपूर्ण वाक्य बाहेर यावं म्हणून किती अक्षरं लागतील? लाख? दहा हजार? हजार?

सुमारे ३०.

हो, फक्त तीस अक्षरं! सहा-सात शब्दांचं एक वाक्य. तेवढ्यात बाकीच्या सगळ्या किल्ल्या बाद होतात, कारण त्या लावल्या की अर्थहीन कचरा बाहेर पडतो.

याचं कारण शॅननला भाषेच्या उधळेपणात सापडलं. आपण बोलताना आणि लिहिताना गरजेपेक्षा कितीतरी जास्त अक्षरं वापरतो. पटत नाही? हे वाचा: मझं गव सतर. सगळे काने काढून टाकले, तरी तुम्ही साताऱ्याला पोचलात की नाही? म्हणजे ते काने नसते तरी निरोप पोचत होता. भाषा प्रत्येक गोष्ट जणू दोनदा, तीनदा सांगते. गोंगाटात, फाटलेल्या कागदावर, खरखरणाऱ्या फोनवर बोलणं समजावं म्हणून ती पदरी हे जास्तीचं अन्न बांधून निघते. कोडं सोडवणारा त्याच शिदोरीवर जगतो.

आणि हे सगळं गणित आपल्या डोक्यात आधीपासून आहे! कुणी शिकवलेलं नाही. 'ञ'नं सुरू होणारा शब्द आपण शोधत बसत नाही. 'ळ'नं मराठी शब्द सुरू होत नाही हे आपल्याला माहीत आहे, हेही आपल्याला माहीत नसतं. आईच्या कडेवर असल्यापासून ऐकलेल्या प्रत्येक वाक्यानं आत एक-एक दाणा टाकलेला आहे. थेंबे थेंबे तळे साचलेलं आहे. कोडं समोर आलं की आपण त्या तळ्यात पोहरा सोडतो.

मग गट कशाला? एकटं बसून सुटत नाही का? सुटतं. पण प्रत्येकाचं तळं वेगळं असतं. मावशींना शब्दांची शेपटं दिसतात. गणितात रमणारा भाचा अक्षरांची वारंवारता मांडतो. कुणाला वाक्याची लय कळते आणि तो म्हणतो, "शेवटचे दोन शब्द म्हणजे लेखकाचं नाव, आणि ते नक्की मार्क ट्वेन." खरी गोम मात्र पुढेच आहे. चुकीचा अंदाज एकदा मनात बसला की तो हलत नाही. एखादं अक्षर मी 'एस' धरलं की मला सगळीकडे 'एस'च दिसू लागतं. अर्धा तास मी भिंतीवर डोकं आपटतो. तेवढ्यात बडोद्याहून एक ओळ येते, "ते 'एन' असेल तर?" आणि भिंत जिथे होती तिथे दार असतं. दुसऱ्याच्या डोक्यात माझी चूक बसलेली नसते. गटाची सगळी ताकद या एका गोष्टीत आहे.

हा काही फक्त आमचा घरगुती अनुभव नाही. पॅरिसमधल्या फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सांकेतिक चिन्हांनी भरलेल्या कागदांचा एक ढीग होता. यादीत नोंद होती की हे इटलीसंबंधीचे, सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातले कागद. तीन देशांतल्या तीन शौकिनांनी त्याच्या प्रतिमा समोर घेतल्या. जॉर्ज लास्री संगणकतज्ज्ञ, नॉर्बर्ट बिअरमन पियानोवादक आणि सातोशी तोमोकियो भौतिकशास्त्र शिकलेले, पेटंटच्या क्षेत्रातले. चिन्हं दोनशेहून अधिक, म्हणजे आमच्या कोड्याचा हा फार वरचा थोरला भाऊ. इटालियन धरून पाहिलं, काही जुळेना. फ्रेंच धरलं आणि शब्द उगवू लागले. लिहिणारी व्यक्ती स्त्री आहे हे क्रियापदांच्या आणि विशेषणांच्या रूपांवरून कळलं. मग 'माझं स्वातंत्र्य' आलं, 'माझा मुलगा' आलं, आणि एक नाव आलं: वॉलसिंगहॅम, इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिच्या हेरखात्याचा प्रमुख.

ती होती स्कॉटलंडची राणी मेरी! १५७८ ते १५८४ या काळात एलिझाबेथच्या कैदेतून लिहिलेली तिची ५७ पत्रं, सुमारे ५०,००० शब्द. ८ फेब्रुवारी १५८७ रोजी तिचा शिरच्छेद झाला. तिच्या विरोधातला मोठा पुरावा होता तिचीच सांकेतिक पत्रं, वॉलसिंगहॅमच्या माणसानं उलगडलेली. संकेत फुटला म्हणून तिचा जीव गेला. आणि २०२३च्या फेब्रुवारीत दुसरा संकेत फुटला म्हणून तिचा आवाज परत आला. लपवलेलं उकलण्याचं शास्त्र एकच, पण त्यातून काय हाती येईल हे कोण सांगणार?

आपल्याकडे हा खेळ होता का? होता, आणि फार जुना! वात्स्यायनाने 'कामसूत्रा'त ज्या ६४ कला सांगितल्या त्यांत एक आहे म्लेच्छितविकल्प, म्हणजे शब्द असे बदलून बोलायचे वा लिहायचे की परक्याला कळू नयेत. त्यावरच्या 'जयमंगला' टीकेत मूलदेवाच्या नावाची एक रीत दिली आहे. त्यात 'त'ऐवजी 'प' आणि 'प'ऐवजी 'त', 'न'ऐवजी 'म' आणि 'म'ऐवजी 'न', 'ल' आणि 'स' यांचीही अशीच अदलाबदल. हुबेहूब आजचं कोडं! महाराष्ट्रात तर महानुभाव पंथाने आपल्या पोथ्यांसाठी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्या घडवल्या आणि आपलं मराठी वाङ्मय शतकानुशतकं त्यांत जपलं. विसाव्या शतकात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, तेव्हा मराठी गद्याच्या पहाटेचं दार बाहेरच्या वाचकांना उघडलं.

आणि आता सर्वांत मोठं कोडं. ते कुणी लपवण्यासाठी केलेलंच नव्हतं. सम्राट अशोकाने आपली वचनं खडकांवर आणि खांबांवर कोरली, सगळ्यांनी वाचावीत म्हणून. पण काळ लोटला आणि ब्राह्मी लिपी वाचणारं कुणी उरलं नाही. अक्षरं समोर, अर्थ गायब. विस्मृतीनेच घातलेलं कुलूप!

१८३७ साल. कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करणारा जेम्स प्रिन्सेप सांचीच्या स्तूपाच्या दगडी कठड्यांवरचे छोटे लेख न्याहाळत होता. त्यांच्या नकला कॅप्टन एडवर्ड स्मिथ यांनी पाठवल्या होत्या. काही अक्षरांबद्दल आधीच्या अभ्यासकांचे अंदाज झाले होते, पण लेख बोलत नव्हते. प्रिन्सेपच्या लक्षात आलं की जवळजवळ प्रत्येक ओळ त्याच दोन अक्षरांवर संपते.

वेगवेगळ्या ओळी, शेवट एकच. दगडावर असं काय कोरतात?

आपल्या गावच्या देवळात जा. बाकावर, फरशीवर, पंख्याच्या पात्यावर काय लिहिलेलं असतं? अमक्यांच्या स्मरणार्थ, तमक्यांकडून सप्रेम भेट. नावं बदलतात, शेवट तोच. प्रिन्सेपनेही हेच ताडलं. भाविकांनी कठड्याचे दगड अर्पण केले असणार, तर शेवटचा शब्द 'दानं' असणार! आधीच्या शब्दांच्या शेवटी सारखं येणारं अक्षर मग 'स' ठरलं, म्हणजे 'अमक्याचं'. द, न आणि स. तेवढ्या फटीतून उजेड आत शिरला, आणि थोड्याच आठवड्यांत दिल्लीचे, अलाहाबादचे स्तंभ बोलू लागले. त्यांत पुन्हा पुन्हा येणारा 'देवानंपिय पियदसि' हा राजा कोण, हे कोडं मात्र उरलं होतं. ते त्याच वर्षी सिलोनमधल्या जॉर्ज टर्नरने पाली ग्रंथांच्या आधारे सोडवलं: पियदसि म्हणजे अशोक! सांचीतला एक, कलकत्त्यातला एक, सिलोनमधला एक. टपालानं चाललेला गटच होता तो.

बावीसशे वर्षांपूर्वीच्या सम्राटाला आपलं नाव परत मिळालं ते ओळीच्या शेवटी येणाऱ्या त्याच त्या दोन अक्षरांमुळे. तुम्ही मघाशी 'नेंगे नेंगे' दोनदा आलेलं पाहून थबकलात ना? ती तीच नजर.

पुढच्या वेळी लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या लेण्यात गेलात तर चैत्यगृहातल्या खांबांपाशी थोडं रेंगाळा. तिथेही दात्यांचे लेख आहेत: गाव, नाव, 'थभो' म्हणजे खांब, आणि 'दानं'. ब्राह्मीची द आणि न ही दोन अक्षरं आधी शिकून जा. शोधलीत तर सापडतील, आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाशी तुमची थेट ओळख होईल.

तोवर घरच्या घरी एक कोडं सोपवतो. रीत मघाचीच, व्यंजनं बदललेली आणि मात्रा तशाच, पण किल्ली नवी. यात एक झाड आहे, एक संख्या आहे, आणि कोणत्याही भाषेत गेलात तरी सवयींचं असंच असतं, हा या लेखाचा सारांशही आहे. एकट्याने अडलात तर घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवा.

गबताका गामे जीमर.